एका दुर्मिळ इटालियन आडनांवाची जन्मकथा

गेल्या वर्षीं शाळा सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यांत आम्ही वर्गाची हजेरी घेत होतों. एका नव्या विद्यार्थ्याचें आडनांव आम्हीं उच्चारिलें, तोंच मागील बांकांवरून हंसण्याचा आवाज आला. त्या आडनांवांत हंसण्याजोगें कांहींएक नव्हतें. तें कोणाच्या कानांवरून पूर्वीं गेलेलें नव्हतें, एवढाच त्याचा अपराध. सातपुते, दहिभाते, वाघमारे हीं आडनांवें रोज ऐकून सरावाचीं झालीं आहेत, म्हणून त्यांचें कोणास नवल वाटत नाहीं. पण अनोळखी शब्द कानीं पडला कीं मुलांस गुदगुल्या होतात. तो मुलगा मान खालीं घालून ‘हजर’ म्हणाला. त्या दिवशीं नेमलेला धडा आम्हीं बाजूस ठेविला, व वर्गास एका दूरच्या देशांतील, त्याहूनही दुर्मिळ अशा आडनांवाची हकीकत सांगितली. ती एका तासांत आटोपली नाहीं. पुढें कांहीं पालकांनींही ती विचारली, म्हणून थोडी भर घालून येथें देत आहों.

तें आडनांव ‘एको’. रोमन लिपींत तें ई, सी, ओ अशा अवघ्या तीन अक्षरांनीं लिहितात. इटली देशांत तीन लाखांहून अधिक निरनिराळीं आडनांवें आहेत. त्यांत रोस्सी, रुस्सो, फेर्रारी यांसारखीं आडनांवें गांवोगांव भेटतात; एको हें मात्र शोधूनच काढावें लागतें. असें असतांही तें आज जगभर ठाऊक आहे, आणि त्याचें श्रेय एकाच पुरुषास आहे. उंबेर्तो एको यांचा जन्म उत्तर इटलींतील आलेस्सान्द्रिया या शहरीं ५ जानेवारी १९३२ रोजीं झाला. शब्दांस, खुणांस व चिन्हांस अर्थ कसा प्राप्त होतो याचा विचार करणारें जें चिन्हशास्त्र, त्याचे ते बोलोन्या येथील विद्यापीठांत प्राध्यापक होते. १९८० सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘गुलाबाचें नांव’ या कादंबरीनें त्यांची कीर्ति देशोदेशीं पसरली. १९ फेब्रुवारी २०१६ रोजीं मिलान येथें ते वारले. नांवांचा आणि अर्थांचा संबंध शोधण्यांत ज्यांनीं जन्म घालविला, त्यांच्या स्वतःच्या नांवाचा अर्थ काय, असें कोणीही विचारील.

इटालियन भाषेंत ‘एको’ या शब्दाचा उघड अर्थ प्रतिध्वनि असा आहे. ग्रीकांच्या पुराणांत याच नांवाची एक अप्सरा आहे. ती झुरून झुरून नाहींशी झाली, व तिची वाणी तेवढी डोंगरांत उरली. ही कथा गोड आहे खरी, परंतु एको घराण्याचा आणि त्या अप्सरेचा कांहीं संबंध नाहीं. या आडनांवाचें मूळ एका अनाथ बालकाच्या पाळण्याशीं आहे. तें नीट कळण्यासाठीं त्या देशांतील आडनांवें कशीं पडलीं तें आधीं पाहिलें पाहिजे.

तेथील बहुतेक आडनांवें आपल्या ओळखीच्याच रीतींनीं झालेलीं आहेत. ‘दि जोव्हान्नी’ म्हणजे जोव्हान्नीचा. हें बापाच्या नांवावरून. रोमानो, जेनोव्हेसे, लोंबार्दी हीं शहरावरून किंवा प्रांतावरून. आपल्याकडे नगरकर, पुणेकर होतात तशीं. फेर्रारी हा मूळचा लोहार, सार्तोरी हा शिंपी. रोस्सी म्हणजे तांबूस केसांचा. पूर्वीं हीं नांवें पिढीगणिक बदलत असत. परंतु १५४५ पासून १५६३ पर्यंत त्रेन्त येथें भरलेल्या धर्मपरिषदेनें प्रत्येक धर्मगुरूनें आपल्या मंडळींतील बाप्तिस्म्यांच्या व विवाहांच्या वह्या ठेवाव्या असा नियम घालून दिला, आणि तेव्हांपासून आडनांव वहींत बसून स्थिर झालें.

आतां यांतील अडचण पाहा. ज्याचा बाप ठाऊक नाहीं, गांव ठाऊक नाहीं, घराण्याचा धंदा ठाऊक नाहीं, आणि जें अजून पांच दिवसांचेंही नसल्यामुळें ज्याच्या अंगीं कसली खूण दिसत नाहीं, अशा मुलाच्या नांवापुढें वहींत काय लिहावयाचें?

अशीं मुलें थोडीं नव्हतीं. कोठें दारिद्र्य, कोठें दुष्काळ, कोठें आईचा बाळंतपणांत मृत्यु, आणि पुष्कळ ठिकाणीं अविवाहित आईस वाटणारें लोकांचें भय, या कारणांनीं तान्हीं मुलें देवळाच्या पायरीवर किंवा रस्त्याच्या कडेला ठेविलेलीं सांपडत. त्यांच्यासाठीं मिलान येथें दातेओ नांवाच्या धर्माधिकाऱ्यानें ७८७ सालीं, म्हणजे बाराशें वर्षांहूनही पूर्वीं, एक अनाथगृह काढिलें. रोममध्यें कोळ्यांच्या जाळ्यांत तैबर नदींतून अर्भकांचीं प्रेतें येऊं लागलीं, तें पाहून पोप तिसरा इनोसंट याचें हृदय द्रवलें व त्यानें इस्पितळांत मुलें घेण्याची सोय केली, अशी परंपरागत कथा आहे.

पुढें पुष्कळ शहरांतून एक चमत्कारिक योजना रूढ झाली. अनाथगृहाच्या भिंतींत उभ्या कण्याभोंवतीं फिरणारें, एका अंगानें उघडें असें लांकडी पिंप बसवीत. त्यास नुसतें ‘चाक’ म्हणत. रात्रीच्या वेळीं आई बाहेरून मूल त्यांत ठेवी, पिंप आंतल्या बाजूस फिरवी, घंटा ओढी आणि निघून जाई. आंतील दाईस मूल मिळे, पण तें ठेवणाऱ्याचें तोंड दिसत नसे. या चाकाविषयीं विद्वानांचे वाद आहेत. त्यानें शेंकडों मुलें नदीपासून वांचविलीं असें कोणी म्हणतात. त्यानें मूल टाकणें सोपें करून ठेविलें असेंही कोणी म्हणतात. आमच्या मतें दोन्ही बाजूंस सत्य आहे. परंतु थंडीच्या रात्रीं भिंतीशीं उभ्या असलेल्या त्या आईस सोपें असें कांहीं वाटलें असेल, ही गोष्ट आम्हांस पटत नाहीं.

फ्लॉरेन्स शहरांतील अनाथगृह या सर्वांत प्रसिद्ध. रेशमाच्या व्यापाऱ्यांच्या संघानें तें उभारण्याचें मनावर घेतलें, आणि १४१९ सालीं ब्रुनेल्लेस्की या थोर शिल्पकारानें त्याचें काम हातीं घेतलें. ५ फेब्रुवारी १४४५ रोजीं तेथें पहिलें मूल आलें. ती मुलगी होती. त्या दिवशीं संत आगाथेचा सण असल्यामुळें तिचें नांव आगाता ठेविलें, व त्यास स्मेराल्दा असें दुसरें नांव जोडिलें. त्या इमारतीच्या कमानींवर आन्द्रेआ देल्ला रोब्बिया यानें १४८७ च्या सुमारास निळ्या भूमीवर पांढरीं, बाळोत्यांत गुंडाळलेलीं अर्भकें घडवून बसविलीं आहेत. हात पसरून तीं जणूं ‘घ्या’ म्हणत आहेत. गृहाचें नांव इन्नोचेन्ती, म्हणजे निरपराधी. हेरोद राजानें बेथलेहेमांत जीं बालकें मारविलीं त्यांच्या स्मरणार्थ हें नांव आहे, हें आमच्या विद्यार्थ्यांच्या लक्षांत आलेंच असेल.

या गृहाच्या संग्रहालयांत लहान लहान खण आहेत, आणि प्रत्येक खणांत एकेक मोडकी वस्तु आहे: अर्धें पदक, नाण्याचा तुकडा, मणी. आई मुलाच्या अंगावर अर्धा तुकडा बांधी व दुसरा अर्धा स्वतःजवळ ठेवी. पुढें बरे दिवस आले तर दोन्ही तुकडे जुळवून मूल ओळखतां यावें, हा हेतु. खणांतले तुकडे आजही अर्धेच आहेत. बहुतेक मुलांच्या बाबतींत तो दिवस आलाच नाहीं. दाया थोड्या आणि मुलें फार, यामुळें अशा गृहांत मृत्यूचें प्रमाण भयंकर असे. कित्येक ठिकाणीं निम्म्याहून अधिक मुलें बालपणींच दगावत. आडनांवांचा इतिहास वाचतांना हें विसरतां कामा नये. आपणांस जीं आडनांवें दिसतात, तीं जगलेल्यांचीं होत.

जीं जगलीं त्यांस शहराशहराच्या चालीप्रमाणें आडनांव मिळालें. फ्लॉरेन्समध्यें इन्नोचेन्ती. मिलान येथील मोठ्या इस्पितळाचें चिन्ह पारवा, म्हणून तेथील मुलांस कोलोंबो म्हणत. ही चाल १८२५ पर्यंत चालली. रोममध्यें प्रोयेत्ती. नेपल्समध्यें अन्नुन्त्सियाता नांवाच्या अनाथगृहाच्या चाकांतून आलेल्या मुलांस एस्पॉझितो. (येथें एक सावधगिरीची सूचना देणें अवश्य आहे. प्रत्येक कोलोंबो हा अनाथाचा वंशज नव्हे. अमेरिकेस जाणारा कोलंबस जेनोआचा, व त्याचें आडनांव हेंच होतें. पारव्यांवरून आडनांव पडण्यास इतरही कारणें होतीं.) एका शहरांतील शेंकडों मुलांस एकच आडनांव मिळाल्यामुळें हीं नांवें आज दुर्मिळ मुळींच नाहींत. एस्पॉझितो हें आडनांव तर साऱ्या इटलींतील अगदीं पहिल्या पांचांत मोडतें.

या नांवांचा मूळ अर्थ मात्र कानांस बोंचतो. एस्पॉझितो हें लॅटिन ‘एक्स्पोझितुस’ या शब्दापासून झालें. त्याचा अर्थ बाहेर ठेविलेला. प्रोयेत्ती हें ‘प्रोयेक्तुस’ यापासून. त्याचा अर्थ फेंकलेला. मुलगा मोठा होई, सुतार होई, शिपाई होई, त्याचें लग्न होई, त्याला नातू होत. पण बाजारांत कोणी हांक मारिली कीं ‘अरे टाकलेल्या!’ असाच तिचा अर्थ. एका रात्रीं घडलेली गोष्ट चार चार पिढ्यांच्या कपाळीं लिहून ठेविल्यासारखी झाली. नेपल्सचा राजा म्युरा यानें १८०८ ते १८१५ या आपल्या कारकीर्दींत एस्पॉझितो हें आडनांव नव्या मुलांस देण्यास बंदी केली. इतरत्रही एकोणिसाव्या शतकांत हळूहळू असेंच झालें. चाकेंही बंद होत गेलीं. फ्लॉरेन्स व नेपल्स या दोन्ही ठिकाणीं १८७५ सालीं तीं थांबलीं.

मग नवीन मुलांस काय म्हणावयाचें? हें काम नगरांतील नोंदणी-कारकुनांच्या गळ्यांत पडलें. प्रत्येक मुलास वेगळें आडनांव द्यावयाचें म्हणजे रोज एक नवा शब्द हवा. बिचाऱ्यांनीं महिन्यांचीं नांवें घेतलीं, वारांचीं घेतलीं, संतांचीं, फुलांचीं, झाडांचीं घेतलीं. कोणी दयाळू असेल तो आशीर्वादपर नांव देई. ‘दियोताल्लेवी’ असें एक जुनें आडनांव आहे. त्याचा अर्थ ‘देव तुला लहानाचा मोठा करो’. एको यांनीं १९८८ सालच्या आपल्या दुसऱ्या कादंबरींत याच आडनांवाचें एक पात्र घातलें असून त्याच्या आजाला अनाथ ठरविलें आहे. तें त्यांनीं कां केलें, हें पुढील मजकुरावरून ध्यानांत येईल.

एको यांचा आजा असाच सांपडलेलें मूल होता. त्याची नोंद करणाऱ्या नगरकचेरींतील अधिकाऱ्यानें त्यास ‘एको’ हें नांव दिलें. तें ‘एक्स चेलिस ओब्लातुस’ या तीन लॅटिन शब्दांचीं आद्याक्षरें घेऊन केलेलें आहे, असें एको सांगत. ‘एक्स’ म्हणजे पासून; ‘चेलिस’ म्हणजे स्वर्ग; ‘ओब्लातुस’ म्हणजे अर्पिलेला. स्वर्गांतून अर्पिलेला. आद्याक्षरांच्या व्युत्पत्तींवर सहसा विश्वास ठेवूं नये असें आम्ही विद्यार्थ्यांस नेहमीं सांगतों, कारण त्या बहुधा मागाहून रचलेल्या असतात. परंतु ही त्या घराण्यांतील माणसानेंच सांगितलेली आहे, आणि त्या काळच्या नोंदवह्या लॅटिन संक्षेपांनीं भरलेल्या असत, म्हणून ती मानण्यास आम्हांस हरकत दिसत नाहीं.

‘ओब्लातुस’ हा शब्द त्या अधिकाऱ्यानें सहज वापरला नसावा. मध्ययुगांत आईबाप आपला मुलगा मठास देत, त्या मुलास हाच शब्द लावीत. संत बेनेदिक्त याच्या मठनियमांत अशीं मुलें कशीं स्वीकारावीं यासंबंधीं एक प्रकरणच आहे. म्हणजे हा शब्द मानाचा. आतां तीन शब्द शेजारीं ठेवून पाहा: एक्स्पोझितुस, प्रोयेक्तुस, ओब्लातुस. बाहेर ठेविलेला, फेंकलेला, अर्पिलेला. व्याकरणदृष्ट्या तिन्ही एकाच जातीचीं कर्मणि धातुसाधितें आहेत. घडलेली गोष्टही एकच: कोणीतरी एक मूल आपल्या हातांतून सोडलें. पहिले दोन शब्द ज्या हातांनीं सोडलें त्यांच्याकडे बोट दाखवितात. तिसरा शब्द तें ज्यांच्या हातीं आलें त्यांच्याकडे पाहातो. आणि तोही सबंध न लिहितां त्याचें एकच अक्षर घेतलें, म्हणून ऐकणाऱ्यास कांहीं कळूं नये आणि नांव धारण करणाराच्या अंगावर मात्र तो आशीर्वाद राहावा. ज्या कारकुनास दिवसभरांत अशीं कितीतरी नांवें शोधावीं लागत, त्यानें एवढा विचार केला, याचें आम्हांस फार कौतुक वाटतें.

योगायोग असा कीं, आलेस्सान्द्रिया या शहराचेंही नांव ठेविलेलेंच आहे. ११६८ सालीं तें वसलें व सम्राट् फ्रेडरिक याच्या विरुद्ध असलेल्या पोप तिसरा अलेक्झांडर याचें नांव त्यास दिलें. सम्राटानें ११८३ सालीं तें बदलून चेसारेआ, म्हणजे कैसराचें, असें केलें. पण तें टिकलें नाहीं, व जुनेंच परत आलें.

कायद्यानें या मुलांची दखल पुरतेपणीं घ्यावयास बराच काळ लागला. आईबाप अज्ञात असल्यास दाखल्यावर त्यांच्या जागीं ‘एन. एन.’ अशीं अक्षरें लिहीत. ‘नांव ठाऊक नाहीं’ या अर्थाच्या लॅटिन शब्दांचा हा संक्षेप. शाळेंत, नोकरींत, लग्नांत तो दाखला पुढें करावा लागे, आणि दोन अक्षरांत सारें उघडें पडे. १९५५ सालीं एका कायद्यानें आईबापांचा उल्लेख अशा दाखल्यांतून काढून टाकिला. २००० सालच्या नोंदणीनियमांत तर स्पष्टच सांगितलें आहे कीं, आईबाप अज्ञात असलेल्या मुलास त्याची उत्पत्ति उघड करणारें नांव किंवा आडनांव देऊं नये. तसेंच इतिहासांत गाजलेल्या किंवा त्या गांवीं विशेष माहीत असलेल्या घराण्याचेंही देऊं नये. म्हणजे नांव लाजविणारें नको आणि उसनेंही नको.

आतां गणिताची आवड असलेल्या विद्यार्थ्यांसाठीं थोडें. एकाच मुलापासून सुरू झालेलें आडनांव दुर्मिळ राहाणार हें उघड आहे. पण तें टिकण्याचा संभव किती? इंग्लंडांत गाल्टन यानें १८७३ सालीं हा प्रश्न मांडला, व रेव्हरंड वॉटसन या गणितज्ञाच्या साहाय्यानें १८७४ सालीं त्याची चर्चा प्रसिद्ध केली. समजा, एका बेटावर ६४ पुरुष असून प्रत्येकाचें आडनांव निराळें आहे. चौथ्या हिश्शास, म्हणजे १६ जणांस, मुलगा होत नाहीं. ३२ जणांस एकेक मुलगा होतो. आणि १६ जणांस दोन दोन होतात. मुलगे पुनः ६४ च झाले. पुरुषांची संख्या घटली नाहीं. तरी १६ आडनांवें बुडालीं. पुढच्या पिढींतही हेंच प्रमाण धरिलें, तर एकेक मुलगा असलेल्या ३२ घराण्यांपैकीं ८ बुडतात, आणि दोन दोन मुलगे असलेल्या १६ पैकीं सरासरीनें एक, कारण दोघांही भावांस मुलगा नसण्याचा संभव सोळांत एक. एकूण २५ गेलीं. तिसऱ्या पिढीअखेर ही संख्या सुमारें ३१ वर जाते. म्हणजे तीन पिढ्यांत जवळजवळ निम्मीं नांवें नाहींशीं झालीं, आणि बेटावरचा एकही मनुष्य कमी झाला नाहीं! कारकुनांनीं कल्पकतेनें घडविलेल्या नांवांपैकीं कितीतरी अशींच कोणाच्या लक्षांतही न येतां संपलीं असतील.

एको हें नांव टिकलें, याला एक चांगलें कारण आहे: त्या आजाला तेरा मुलें झालीं. त्यांपैकीं जूल्यो हे उंबेर्तोंचे वडील. इटलींत मुलांस बापाचेंच आडनांव आपोआप लागत असे, म्हणून मुलींकडून नांव पुढें जात नसे. २०२२ सालीं तेथील संविधान-न्यायालयानें ही सक्ति रद्द केली, आणि आतां आई व बाप या दोघांचींही आडनांवें मुलास मिळूं शकतात. यापुढें दुर्मिळ आडनांवें बुडण्याचा वेग कमी होईल असा आमचा तर्क आहे.

तो आजा काय करीत असे? तो छापखान्यांत मुद्रणाचें काम करी. ज्याचें नांवच तीन शब्दांचीं पहिलीं अक्षरें वेंचून झालेलें, त्याच्या हातीं जन्मभर अक्षरेंच आलीं. वृद्धपणीं तो पुस्तकें बांधी. तो वारला तेव्हां गिऱ्हाइकांचीं कांहीं न बांधलेलीं पुस्तकें घरांत राहिलीं. तीं पेटींत भरून मुलाच्या घरच्या तळघरांत ठेविलीं. कोळसा आणण्यासाठीं तळघरांत पाठविलेला नातू उंबेर्तो तीं वाचीत बसे.

ही हकीकत सांगितल्यावर आमच्या वर्गांत एक लहानशी सांथच पसरली. दुसऱ्या दिवशीं निम्मा वर्ग आपापल्या आज्यांस व आजोबांस विचारून आडनांवांच्या हकीकती घेऊन आला. कांहीं खऱ्या वाटल्या, कांहीं उघडच रचलेल्या होत्या. ज्याच्या आडनांवावरून हें सारें निघालें तो मुलगा मधल्या सुटींत एकटाच आमच्याकडे आला व आजीनें सांगितलेली गोष्ट त्यानें आम्हांस सांगितली. ती एकोच्या गोष्टीहून कमी सुरस नव्हती. परंतु ती त्याच्या घरची आहे, म्हणून आम्ही ती येथें छापीत नाहीं.